चार महिन्यांचा गव्हाचा नेम

धाकटीलाही आईचंच गव्हाचं दुखणं निघालं, असं तुमच्या आईनं फोनवर सांगितलं. मग धाकटीचं पत्र आलं. वर्गात कुणाच्या तरी वाढदिवसाला सगळ्यांना केक मिळाला आणि हिला एक सफरचंद. ते तिनं खाल्लं नाही, दप्तरात ठेवून घरी आणलं. शेवटी विचारलं आहे, "आजी, आई लहान असताना मधल्या वेळेला काय खायची?"

प्रश्न एका ओळीचा आहे, पण उत्तर तसं नाही. म्हणून क्रमानं लिहिते. राग आला तर तोही लिहीन. इतक्या वर्षांनीही तो गेलेला नाही.

मी नागपूरची, इंग्रजी घेऊन बी. ए. झालेली. लग्न होऊन उज्जैनला आले. तुमचे आजोबा सरकारी नोकरीत होते. संस्थानं विलीन होऊन मध्य भारत नावाचं राज्य झालं होतं, त्या सरकारच्या नोकरीत. माधव नगरात आम्ही एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. घरात आम्ही दोघं, सासूबाई आणि तुमची आई.

माळव्यात राहायचं म्हणजे गव्हात राहायचं. नागपूरची माणसं पत्रात ख्यालीखुशाली नंतर विचारत, आधी गव्हाचं एक पोतं पाठवायला सांगत. आमच्याकडे सकाळी पोळी, संध्याकाळी पोळी, पाहुणे आले की कणकेचे बाफले, देवाला शिरा. तुमची आई दीड वर्षाची झाली आणि सासूबाईंनी तिला दुधात कुस्करून पोळी द्यायला सुरुवात केली. तेव्हापासून तिचं पोट बिघडलं ते बिघडलंच. पोट नगाऱ्यासारखं, हातपाय काड्यांसारखे. दिवसातून पाच-सहा वेळा तिला धुवावं लागे. वैद्य झाले, काळा दोरा झाला. एका डॉक्टरांनी नुसती केळी द्यायला सांगितली. त्यानं ती थोडी सुधारली, तेव्हा सासूबाईंनी अंगात ताकद यावी म्हणून पुन्हा दूध-पोळी सुरू केली. मलाही ते बरोबरच वाटलं होतं.

ती चार वर्षांची होत आली तेव्हा सरकारी दवाखान्यात एक डॉक्टर आले. विलायतेत शिकून आलेले, वयानं माझ्यापेक्षा फार मोठे नसतील. त्यांनी पोट दाबून पाहिलं, वजन केलं आणि मला विचारलं, "घरात गहू किती खाता?" मला वाटलं चेष्टा करताहेत. मग त्यांनी इंग्रजीत नीट समजावलं. महायुद्धात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा असल्या आजाराची मुलं सुधारली आणि युद्ध संपून पाव आला तशी पुन्हा आजारी पडली. म्हणजे दोष गव्हात. गहू, रवा, मैदा, जव, सगळं बंद करायचं. एक कणही नाही. निदान वर्षभर कडक पाळलं तर पोर हाती लागेल, नाही पाळलं तर सांगता येत नाही. हे शेवटचं वाक्य त्यांनी हिंदीत सांगितलं, बहुधा माझी समजण्यात चूक होऊ नये म्हणून.

जेवणाचं जमलं. वरणभात होता, ज्वारीची भाकरी होती, मक्याची रोटी होती. गिरणीत आधी गहू दळलेला असे आणि माझ्या ज्वारीत गव्हाचं पीठ येई, म्हणून मी घरी जातं मांडलं. पहाटे मी दळायला बसले की सासूबाई म्हणत, "बी. ए.ला हेच शिकवतात वाटतं." पण दुसरा हात खुंट्याला त्याच लावत.

खरी पंचाईत मधल्या वेळेच्या खाण्याची. चार वर्षांचं पोर दिवसभरात जेवतं दोनदा आणि खातं दहादा. तेही घरात नाही, जिन्यात, अंगणात, दुसऱ्याच्या ओट्यावर. मी एक वही केली होती. उजव्या पानावर चालणारे पदार्थ, डाव्या पानावर न चालणारे. डावं पान आठवड्यात भरलं. बिस्किट, खारी, कचोरी, समोसा, मठरी, जिलबी, शंकरपाळे, गुलाबजाम. उजव्या पानावर फुटाणे, शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, पेढा आणि पोहे. पोहे लिहिले आणि वाटलं, सुटलो. उज्जैनमध्ये पोह्यांना काय तोटा? पण पोह्यांवर शेव असते, आणि शेवेशिवाय पोहे खाणारं मूल माळव्यात जन्माला यायचं आहे.

शेव बेसनाची. मग अडचण काय? मी फ्रीगंजमधल्या एका नमकीनवाल्याकडे गेले आणि शेव कशाची आहे असं विचारलं. तो म्हणाला, शुद्ध बेसन. मी विचारलं, नक्की? तो दुखावला. मी विचारलं, तळता कशात? तो म्हणाला, तेलात. मी म्हटलं, त्याच कढईत कचोरी तळता का? तेव्हा त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मागे गिऱ्हाइकं उभी होती.

"बहनजी, शेव तुटू नये म्हणून मूठभर आटा टाकावाच लागतो. सगळे टाकतात. आज तक कोई मरा नहीं," असं तो म्हणाला आणि मागच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

दुसऱ्या दुकानात हेच, तिसऱ्यात हेच. चौथ्यानं शपथ घेऊन आटा नाही म्हणून सांगितलं. मी आनंदानं पावशेर शेव आणली आणि दोन दिवस तुमची आई पोट धरून झोपून होती. तेव्हापासून शेवही घरीच. लाडूही घरी, चिवडाही घरी. माझं सारं शिक्षण सोऱ्या फिरवण्यात गेलं, असं मी एकदा तुमच्या आजोबांना म्हणाले. ते म्हणाले, शेव मात्र झकास होते. मी तीन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

पण घरी कितीही केलं तरी माणसांचं काय करायचं? शेजारी, वाणी, देवळातले गुरुजी, सगळ्यांना वाटे की हे वाळकं पोर भुकेलं आहे आणि त्याला काहीतरी द्यावं. मी प्रत्येकाला समजावून सांगत असे. आतडं कसं असतं, गव्हानं त्याला काय होतं, अगदी शाळेत शिकवल्यासारखं. लोक ऐकून घेत. मग म्हणत, "गव्हानं कुणी आजारी पडतं होय?" आणि माझी पाठ वळली की तिच्या हातावर बिस्किट ठेवत. वाण्याची बायको तर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "अंग्रेजी पढी है ना, रोटी बेलने में आलस आता होगा, तो बच्ची का बहाना." त्या महिन्यात मी दिवसाला तीन वेगवेगळी पिठं दळत होते.

खालच्या मजल्यावर एक काकी राहत. त्यांचं घराणं शिंदे सरकारच्या वेळेपासून उज्जैनचं. माणसं आमच्यासारखीच मराठी, पण बोली निम्मी हिंदीत बुडवलेली. मन मोठं. स्वतःची मुलं परगावी, त्यामुळे तुमची आई दिवसभर त्यांच्या ओट्यावर. त्यांना मी पाचदा तरी समजावलं असेल. त्या मान हलवत आणि सत्यनारायणाचा शिरा तिच्या तोंडात घालत. मी रागावले तर म्हणाल्या, "अगं, परसाद आहे. परसादानं का कधी कुणाला बाधलंय?" प्रसाद नाकारायचा कसा? पोर वर येई, रात्री तापे, पुन्हा सगळं पहिल्यापासून. डॉक्टरांच्या काट्यावर वजन तीन महिन्यांत इकडचं तिकडे झालं नाही. ते मला विचारत, तुम्ही पाळता ना? मला रडू येई आणि रडण्याचाही राग येई.

तोडगा सासूबाईंनी काढला. आषाढी एकादशीला त्या तुमच्या आईला घेऊन खाली गेल्या आणि काकींना म्हणाल्या, "हिनं चातुर्मासात गहू सोडलाय."

चातुर्मासाचा नेम तुम्हाला ठाऊक नसेल. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत चार महिने एखादी आवडती वस्तू खायची नाही. कुणी वांगं सोडतं, कुणी गूळ, कुणी ताटात खाणं सोडून पानावर जेवतं. एकदा नेम धरला की तो मोडायला लावणाऱ्यालाही पाप लागतं. मला हे सासूबाईंनी वर येऊन सांगितलं तेव्हा मी चिडले. म्हटलं, हे खोटं आहे. पोरगी आजारी आहे, नेम कसला? त्या म्हणाल्या, "तू तीन महिने खरं बोललीस. किती वजन वाढलं?"

आणि काय सांगू, त्या दिवसापासून कुणी तिच्या हातावर बिस्किट ठेवलं नाही. जे विलायती डॉक्टरांना आणि बी. ए. झालेल्या आईला जमलं नाही, ते एका वाक्यानं झालं. वाण्याची बायको स्वतः मुलांना ओरडे, "उसे मत दो, उसका नेम है." काकी पोळ्या करताना तुमची आई आली तर परात झाकून ठेवत, तिला मोह नको म्हणून. श्रावण लागला, गावात उपासाचं सगळं मिळू लागलं. राजगिऱ्याचे लाडू, साबुदाण्याची खिचडी, शिंगाड्याचा शिरा. पावसाळी मक्याचे भुट्टे आले तसा काकी तिच्यासाठी भुट्ट्याचा कीस करू लागल्या, वर खोबरं आणि कोथिंबीर, त्यासाठी वेगळी कढई ठेवून. वेगळी कढई! मी मागून मागून थकले होते ती कढई त्यांनी नेमासाठी आपण होऊन काढली. माझ्या वहीचं उजवं पान पहिल्यांदा भरलं. गालांवर मांस आलं. पोट बसलं. डॉक्टरांच्या काट्यावर वजन दर महिन्याला वाढत गेलं आणि ते मला म्हणाले, आता तुम्ही नीट पाळायला लागलात.

हे सगळं राज्यांच्या पुनर्रचनेच्या वर्षातलं. नोव्हेंबरात मध्य भारत जाऊन नवा मध्य प्रदेश आला आणि राजधानी भोपाळ ठरली. ऐन दिवाळीत घरोघर एकच चर्चा, कुणाची बदली, कुणाची फाईल. तुमच्या आजोबांचं राहिलं, पण डॉक्टरांचा हुकूम आला. त्यांनी भोपाळला जायचं. मला धडकी भरली. या गावात गव्हाचं ऐकून न हसणारा तेवढा एकच माणूस होता.

कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, मी त्यांना गाठायला दवाखान्यात गेले. पुढं काय करायचं ते लिहून घ्यायचं होतं. त्यांनी शांतपणे दोन पानं लिहून दिली. मी विचारलं, असं किती दिवस? ते म्हणाले, अशी मुलं मोठी होता होता बरी होतात असं पुस्तकांत आहे. पाच-सात वर्षं पाळा. नंतर हळूहळू गहू देऊन बघा. मी तरंगत घरी आले. पाच-सात वर्षं म्हणजे काही जन्म नव्हे.

जिन्यातच तुमची आई भेटली. नवं परकर-पोलकं, कपाळावर कुंकू, तोंड तुपानं चमकणारं. मला म्हणाली, "आई, माझा नेम सुटला."

नेम धरला की तो सोडावाही लागतो. चार महिने संपले की ती वस्तू ब्राह्मणाला द्यायची आणि स्वतः खायची. नाहीतर नेम अंगावर राहतो. हे पोथी ऐकणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत होतं. मलाही माहीत होतं. वहीत पदार्थांची यादी करणाऱ्या, दोन रंगांची शाई वापरणाऱ्या मला हे चार महिन्यांत एकदाही सुचलं नव्हतं. सासूबाईंना सुचलं होतं, असं त्या नंतर म्हणाल्या, पण घरच्या घरी तांदळाची खीर करून भागवू असं त्यांच्या मनात होतं. त्या सकाळी त्या गोपाळ मंदिरात गेलेल्या. काकींनी पाहिलं की पोरीची आई बाहेर, आजी बाहेर, द्वादशी उलटून चालली आहे आणि नेम तसाच आहे. त्यांनी गुरुजींना बोलावलं, पोरीच्या हातून गहू दिले, पाच मुली जेवायला बसवल्या आणि चार महिने गहू न चाखलेल्या नातीसारख्या पोरीला मधोमध बसवून लापशी वाढली. गव्हाची, गुळाची, वर तुपाची धार. तिनं दोन वाट्या खाल्ल्या. वर पुरी.

मी काकींच्या दारात गेले तेव्हा त्या आनंदानं म्हणाल्या, "तुला फुरसत नव्हती, म्हणून मीच करून टाकलं. पोरगी कशी खुश होऊन खाल्ली, बघायला हवी होतीस."

मी तिथंच सांगून टाकलं की नेम नव्हता, कधीच नव्हता, तो तिला वाचवायला सांगितला होता. माझा आवाज चढला होता. पाच मुली ताटावर बसलेल्या.

काकींनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. म्हणाल्या, "देवाच्या नावानं खोटं सांगितलंत? मी चार महिने तुमच्यासाठी परात झाकून पोळ्या केल्या." आणि मग, मुलींकडे बघून, "जेवा गं तुम्ही."

तुमची आई सोळा दिवस अंथरुणात होती. चार महिन्यांत मिळवलं त्यातलं निम्मं गेलं. डॉक्टर भोपाळला गेले होते. नव्या डॉक्टरांनी ती दोन पानं वाचली आणि विचारलं, हे कुणी लिहिलं?

काकी महिनाभर बोलल्या नाहीत. मी गेले असते तर कदाचित बोलल्या असत्या, पण मला त्यांचा राग होता, स्वतःचा होता आणि सासूबाईंचाही होता. मग सासूबाईंनी दुसरा तोडगा काढला. काशीला गेलेली माणसं एखादी वस्तू जन्मभरासाठी सोडतात, ती पुन्हा कधीच सोडवावी लागत नाही. तसा रामघाटावर हिच्या हातून क्षिप्रेत गहू सोडू. या वेळी खरोखर, संकल्प करून. म्हणजे खोटंही नाही आणि कुणी द्यायचंही नाही.

मी नाही म्हटलं. ठाम नाही. म्हटलं, डॉक्टरांनी पाच-सात वर्षं सांगितली आहेत, आणि तुम्ही चार वर्षांच्या पोरीला जन्मभरासाठी बांधता? उद्या ती बरी झाली तर सासरी ती पोळी खाईल का हात जोडून बसेल? सासूबाई म्हणाल्या, "तुझा डॉक्टर गेला भोपाळला." पण त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही. तीन वर्षांनी त्या गेल्या.

म्हणजे पुन्हा पहिल्यासारखं. मी समजावत होते, लोक हसत होते. शाळेच्या डब्यात लाह्यांचा चिवडा, शेंगदाण्याची चिक्की, बेसनाचा लाडू, तांदळाचं धिरडं. पुन्हा पुन्हा तेच. धाकटे, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे एवढंच आहे. मैत्रिणी तिला "उपासवाली" म्हणत. काकींशी माझं हळूहळू बोलणं सुरू झालं. त्यांनी नेमाचा उल्लेख पुन्हा केला नाही, पण भुट्ट्याचा कीसही केला नाही.

मी डॉक्टरांचे शब्द धरून होते. ती बारा वर्षांची झाली, तब्येत बरी होती, इंदूरच्या एका डॉक्टरांनीही सांगितलं की आता सुटलं असेल, देऊन बघा. मी फुलका केला. आठ वर्षांत तिच्यासाठी केलेला पहिला. ती दोन खाऊन म्हणाली, ठीक आहे. महिना गेला, काही झालं नाही. मी वही फेकून दिली. दुसऱ्या महिन्यात ती थकू लागली. मला वाटलं, वयात येते आहे. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ओठ पांढरे, रक्त नाही. मग पोट. आम्ही कावीळ शोधली, जंत शोधले, सगळं शोधलं. गव्हावर माझा संशय गेला तेव्हा वर्ष उलटलं होतं, कारण गव्हाचा प्रश्न माझ्या मते संपलेला होता. त्या वर्षात बरोबरीच्या मुली वीत-वीत वाढल्या. ती वाढली नाही. तुमची आई घरात सगळ्यांत ठेंगणी का, असं तुम्ही मागे विचारलं होतंत. मी तेव्हा हसून टाळलं.

हा आजार वाढत्या वयात सुटत नाही, हे आता सगळ्यांना माहीत आहे. जन्मभराचंच असतं. सासूबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं, आणि मला इंग्रजी कळत होतं. तरी याचा विचार करून मी आजही नेमाच्या बाजूनं होत नाही आणि डॉक्टरांच्याही. मला फक्त चीड येते.

ती तेरा वर्षांची असताना आम्ही फ्रीगंजमध्ये एका लग्नाला गेलो. पंगतीत वाढणारी यजमानीणबाई पुऱ्या घेऊन आल्या. मी माझं नेहमीचं समजावणं सुरू करणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "एकच खा गं. एकीनं काय होतंय? माझा मान राख."

तुमची आई ताटावर हात आडवा धरून म्हणाली, "काकू, मी आजारी पडेन. मग पंधरा दिवस माझं करायला तुम्ही याल का?"

बाईंचा हात पुरीसकट तसाच राहिला. मोठ्यांशी असं बोललेलं मी कधी खपवून घेतलं नव्हतं, आणि माझ्याकडेच सगळे बघत होते. मी भाताचं पातेलं जवळ ओढलं आणि तिला वाढलं.